सुईचं दूध

वाटीच्या तळाशी लिंबाची बी होती.

जालिंदर वाटी मोरीत रिकामी करत होता. दही घसरून गेलं आणि स्टीलला चिकटून ती तेवढी राहिली. फिकट पिवळी, टोकाशी जराशी हिरवट. त्याने नळ बंद केला. खाली रस्त्यावर दूधवाल्याची एम-एटी फटफटत थांबली, वरून कुणीतरी "आज अर्धाच" असं ओरडलं, गाडी पुढे गेली. तो बीकडे बघत राहिला. या वाटीत काय आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दूध, कारखान्यातून आणलेलं पाणी आणि चमचाभर विरजण, सगळं त्याने काल सकाळी स्वतःच्या हाताने घातलेलं. लिंबाची बी त्यात आपोआप येत नाही. आणि लिंबाने दूध फाटतं, विरजत नाही, हे कळायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. काल संध्याकाळी दह्याला पाणी सुटलेलं त्याने पाहिलं होतं. वडी पडत नव्हती, कण कण दिसत होते. मे महिना आहे, उकाड्याने सुटलं असेल, असं तो तेव्हा स्वतःशी म्हणाला होता. हेच कारखान्यातल्या दीपाच्या वाटीत दिसलं असतं तर त्याने वाटी उजेडात नेली असती, तिरपी केली असती, वास घेतला असता आणि तिला प्रश्नांनी बेजार केलं असतं. स्वतःच्या वाटीला त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. पायात चपला सरकवून तो थेट कारखान्याच्या गाडेकरसाहेबांच्या घरी गेला होता आणि दारातूनच म्हणाला होता, "साहेब, दही लागलं, पाणी साफ आहे. उद्या टाकीत सोडू."

कारखाना नागापूरच्या एमआयडीसीत होता. तिथे जंतू मारणारं औषध बनायचं. औषध पुढच्या दाराने ट्रकमधून जायचं आणि ते करताना उरलेलं पाणी मागच्या अंगाला जालिंदरकडे यायचं. पिवळं पाणी, हळदीसारखं नव्हे, काविळीच्या डोळ्यासारखं. त्यात औषधाचा अंश असायचा आणि सगळी अडचण तीच होती. कारण सांडपाणी शेवटी जंतूच साफ करतात. मोठ्या टाकीत खालून हवा सोडायची, जंतू पाण्यातली घाण खातात, वाढतात, पाणी नितळतं. पण इथे पाणीच जंतूंच्या मुळावर आलेलं. ते टाकीत पडलं की तपकिरी गाळ काळा पडायचा, तरंगून वर यायचा आणि कुजल्याचा वास थेट कॅन्टीनपर्यंत जायचा. म्हणजे टाकीच्या आधीच औषध मोडायला हवं होतं. जालिंदरने वर्षभर त्याचाच ध्यास घेतला. पाण्यात आधी ॲसिड, मग हिराकस, मग पेरॉक्साइड. हिराकशीतलं लोखंड आणि पेरॉक्साइड एकमेकांना भेटले की क्षणभरच जगणारं असं काही तयार होतं, की ते समोर येईल त्याला पाण्यातल्या पाण्यात जाळत सुटतं. ना धूर, ना ज्वाळा. त्याला या क्षणभराचं विलक्षण आकर्षण होतं. डोळ्यांना दिसत नाही, बाटलीत भरून ठेवता येत नाही, पण ते येऊन गेलं हे नंतर कळतं. मग चुना टाकायचा. गंजाच्या रंगाचा गाळ खाली बसायचा आणि वर राहायचं ते पाणी. फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याने ते काचेच्या नळकांड्यात भरून खिडकीत धरलं, तेव्हा आवारातली निलगिरी त्यातून सरळ दिसली. पिवळी छटासुद्धा नाही. गाडेकरसाहेबांनी अकाउंटपासून स्टोअरपर्यंत सगळ्यांना बोलावून घेतलं. "भंडारदऱ्याचं पाणी आहे की रे हे!" ते म्हणाले. पंपावरचा छगन मागून म्हणाला, "सायेब, आता एक घोट पिऊन दावा, मंग मानू." सगळे हसले. जालिंदरही हसला. त्या हसण्यावर त्याचे कितीतरी दिवस निघाले. घरी येताना लुनावर तो आपोआप शीळ घालायचा.

तेव्हा दीपाला येऊन महिनाच झाला होता. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडची मुलगी, पुण्याला सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलेली. तिच्या टेबलावरच्या काचेखाली बाबासाहेबांचा छोटा फोटो होता, आणि जीपने अकोल्याहून संगमनेर, तिथून एसटीने नगर असा तिचा शनिवार-सोमवारचा प्रवास होता. हवेच्या टाकीतले जंतू हे तिचं काम. मेलेली टाकी तिने पहिल्यापासून जगवायला घेतली. शेण, गूळ, कॅन्टीनचं खरकटं पाणी. एका टाकीला एवढी पोरीसारखी काय जपायची, असं जालिंदरला वाटायचं. तो मनात हसायचा. मग हळूहळू लोक तिच्या खोलीकडे वळायला लागले. ती सूक्ष्मदर्शकाखाली टाकीतला थेंब ठेवायची आणि जो दिसेल त्याला हाक मारायची, "या, बघा, चालतायत." कॅन्टीनच्या छबूबाईसुद्धा पदराला हात पुसत डोळा लावून गेल्या. "अगं बया, ह्ये तर वळवळतंय! आणि मी ह्याला रोज खरकटं घालती व्हय?" त्यानंतर छबूबाई रोज विचारायच्या, जेवली का तुमची लेकरं. छगन घरून शेणाची बादली सायकलला अडकवून आणायचा, कुणी सांगितलं नसताना. जालिंदर पॅसेजमधून जाताना हे ऐकायचा. त्याच्या टेबलावर नळकांडं तसंच उभं होतं, त्याच पाण्याने भरलेलं. त्याला बघायला दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. नितळ पाण्यात बघण्यासारखं काही नसतंच.

आणि मग ती प्लेट. काचेच्या चपट्या बशीत जंतूंचा दुधट थर वाढवलेला आणि त्यावर जालिंदरच्या पाण्यात बुडवलेल्या कागदाच्या टिकल्या. प्रत्येक टिकलीभोवती एक स्वच्छ गोल होता. त्या गोलात काहीच उगवलेलं नव्हतं. दीपाने प्लेट उजेडाकडे धरली, गाडेकरसाहेब वाकून बघत होते, आणि ती अगदी हळू, जणू जालिंदरला एकट्याला सांगावं तशी म्हणाली, "सर, रंग गेलाय. औषध गेलेलं नाही." जालिंदर म्हणाला, "तसं नाही. पेरॉक्साइड थोडं उरतं पाण्यात. जंतू त्याने मरतायत." हे खरं असू शकत होतं. रसायनाच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड होता. ती म्हणाली, "असेल हं. बघू या ना." तिने विरोध केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्या 'बघू या ना'मध्ये त्याचं पाणी आणि तिचे जंतू एकाच पातळीवर आले होते, दोन्ही अजून तपासायच्या गोष्टी. तिला कशाचीच घाई नव्हती. त्या दिवसापासून त्याच्या जिभेवर एक कडवट चव बसली. दुपारी स्टोअरचा क्लार्क हिराकशीचं पोतं मोजताना म्हणाला, "त्यांचं काय साहेब, त्यांना सगळीकडेच..." आणि पुढचं बोलला नाही. जालिंदरने ते वाक्य तसंच लोंबकळू दिलं. गप्प बस म्हणाला नाही, पूर्णही करू दिलं नाही. ते अर्धं वाक्य दिवसभर अंगाशी धरलेल्या गरम पाण्याच्या पिशवीसारखं ऊब देत राहिलं. रात्री अंथरुणावर त्याला स्वतःची किळस आली, पण पिशवी त्याने फेकली नव्हती.

दह्याचं सुचलं ते परवा, शनिवारी. उरलेलं पेरॉक्साइड नाहीसं करून तिच्या प्लेटवर पुन्हा बघणं ही साधी, सरळ गोष्ट होती. पण त्यासाठी तिच्या खोलीत जावं लागलं असतं. तिने टिकल्या ठेवल्या असत्या, तिने गोल मोजले असते, आणि निकाल बरा आला असता तरी तो तिच्या हातून मिळाला असता. त्याला स्वतःचं काही हवं होतं, जिथे ती नाही. आणि काष्टीजवळचं लहानपणीचं घर आठवलं. काष्टीच्या बाजारातून आणलेली जर्सी गाय, तिची सुजलेली कास, सायकलवरून आलेला गुरांचा डॉक्टर आणि त्याची जाडजूड सुई. दूध तर निघत होतं, दिसायला पांढरंशुभ्र. शेजारच्या साळूबाई तांब्या घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तांब्यासकट परत आल्या. "चांगुणे, तुझं दूध इरजंना गं. दोनदा इरजान घातलं." त्याची आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "आगं, सुईचं दूध हाय ते. सुई उतरंस्तवर दूध मुकं ऱ्हातं. मंग बोलतं आपसूक." मुकं दूध. लहान जालिंदरने ते दूध बोटाने हलवून पाहिलं होतं, कान लावून पाहिलं होतं. पुढे कॉलेजात प्रतिजैविकांचा धडा आला तेव्हा त्याला हसू फुटलं होतं. विरजण म्हणजे जंतूच. सुईतलं औषध दुधात उतरतं आणि विरजणाला मारतं. आईचं वाक्य त्याने बाकावरच्या मित्रालाही सांगितलं नव्हतं. आता इतक्या वर्षांनी ते कामाला येत होतं. आपल्या पाण्यात औषध उरलं असेल तर दही लागणार नाही, नसेल तर लागेल. यासाठी पुण्याची एमएस्सी लागत नाही.

काल रविवार. त्याने कारखान्यातून बाटलीत आणलेलं नितळ पाणी पातेल्यात काढलं आणि त्यात कच्च्या बटाट्याच्या फोडी टाकल्या. फोडींना बुडबुडे धरले, फेस आला. बटाटा पेरॉक्साइड मोडून टाकतो. नव्या फोडीला बुडबुडा येईनासा झाला तेव्हा पेरॉक्साइड संपलं, म्हणजे तिच्या प्लेटवर घेतलेला आक्षेपही संपला. आता उरलं तर औषधच उरणार होतं. तीन वाट्या घेतल्या, बायकोच्या, सीमाच्या नेलपॉलिशने खाली ठिपके दिले. पहिलीत दुधाबरोबर नळाचं पाणी, दुसरीत कारखान्याचं मूळ पिवळं, तिसरीत त्याचं नितळ. "लग्नातल्या वाट्या आहेत," सीमा म्हणाली. "आता यात कुणी खायचं?" "नवीन आणू." "आणि लागलं तर काय होईल?" "लागलं तर मी बरोबर," तो म्हणाला, "आणि दीपाच्या प्लेटा चूक." जेवून तो आडवा झाला. उठला तेव्हा दिवेलागण झाली होती. पहिली वाटी लागली होती. दुसरी पातळ, मुकी. तिसरी लागली होती.

आता ती तिसरी वाटी हातात धरून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. सीमा भाकरी थापत होती.

"लिंबू तू पिळलंस?"

तिचा हात थांबला नाही. "मग काय करणार? नुसतं दूधच होतं त्यात, पाच वाजले तरी. तुम्ही घोरत होता. म्हटलं विरजण मेलेलं असेल. शेजारच्या वहिनींकडून घट्ट दही आणलं, तेही धावतपळत. दिवे लागल्यावर त्या विरजण देत नाहीत. ते घातलं तरी ढिम्म. मग आमच्या आईची रीत, चार थेंब लिंबू."

"दुसरीला का नाही घातलंस?"

"ती लागायची नव्हतीच ना? तुम्हीच म्हणालात."

"सीमा, पण का?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जेवताना दीपा, आंघोळीला जाताना दीपा. परवा झोपेत काय बडबडत होता, ठाऊक आहे? 'प्लेट खाली ठेव.' मला वाटलं, एकदाचं लागू दे ते दही. म्हणजे ती बाई जाईल घरातून."

त्याला हसावंसं वाटलं. त्याने बी शर्टच्या खिशात टाकली, का ते त्यालाही कळलं नाही, आणि डबा घेऊन जिना उतरला.

लुना सावेडीतून बाहेर पडेपर्यंत त्याच्या डोक्यात फक्त साधी वजाबाकी होती. सीमाने हात लावायच्या आधी तिसरी वाटी लागली नव्हती. पेरॉक्साइड नव्हतंच. म्हणजे पाण्यात अजून औषध होतं, किंवा औषधाचे मोडके तुकडे, बिनरंगाचे आणि तरीही मारणारे. दीपा बरोबर होती. फेब्रुवारीपासून बरोबर होती. निलगिरी सरळ दिसली तेव्हाही. पुढे रस्ता रुंद झाला, गरम वारा तोंडावर यायला लागला आणि वजाबाकीच्या खालून दुसरंच काही वर आलं. आज त्याच्या शब्दावर पाणी टाकीत जाणार होतं. साठवण तळं काठोकाठ भरलेलं, साहेबांना तर घाई होतीच. पाणी गेलं की दोन दिवसांत टाकी काळी पडेल. आणि टाकी दीपाची होती. कल्चरच कच्चं होतं, लोक म्हणतील. शेणावर वाढवलेलं, ते काय टिकणार. त्याच्याकडे लागलेलं दही होतं, साहेबांनी ऐकलेलं. छबूबाई विचारणार नाहीत लेकरं जेवली का. स्टोअरचा क्लार्क ते वाक्य आता पूर्ण करील. यात त्याने काहीच करायचं नव्हतं, हेच नवल होतं. फक्त गप्प राहायचं. सुईच्या दुधासारखं. त्याला जाणवलं की छातीत काहीतरी मोकळं होतंय, हलकं होतंय, आणि तो शीळ घालतोय. फेब्रुवारीतली तीच शीळ. त्याने ओठ मिटले. सीना नदी ओलांडताना पुलाखाली दोन म्हशी कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. पाणी पीत होत्या की नुसत्या उभ्या होत्या, एवढ्या उंचीवरून कळलं नाही. त्याने मान वळवली.

टाकीवर सगळे होते. गाडेकरसाहेब घड्याळ बघत होते, छगन व्हॉल्व्हच्या चाकाशी भिडला होता. दीपा कठड्याला टेकून, हातात टाकीतल्या पाण्याची बरणी. बरणीत तपकिरी गाळ सावकाश खाली बसत होता, वर स्वच्छ पाणी. सुंदर गाळ होता. हे त्याच्यातल्या रसायनवाल्याने आधी पाहिलं आणि मग उरलेल्या जालिंदरने.

"सर, साहेब सांगत होते," ती म्हणाली. "दह्यावर बघितलंत म्हणे! मला सुचलंच नाही हो. माझी आजीसुद्धा म्हणायची, सुई दिलेल्या गाईचं दूध विरजत नाही. आणि मी बसले प्लेटा लावत." ती खरंच खूश दिसत होती.

म्हणजे तेही त्याचं एकट्याचं नव्हतं. काष्टीचं दूध अकोल्यातही होतं.

"बटाट्याने पेरॉक्साइड घालवलंत ना? मग माझंच कुठंतरी चुकलं असणार. तुम्ही बघितलंय तर सोडा. बाकी कुणी सांगितलं असतं तर मी साहेबांशी भांडले असते."

"ऐकलंस ना?" साहेब म्हणाले. "छगन, फिरव."

छगनने चाकाला जोर लावला. चाक गंजलेलं होतं, किरकिरलं, हललं. पाइपच्या तोंडाशी ओल आली, मग एक थेंब धरला. नितळ, गोल, त्यात सकाळचं ऊन. जालिंदरला वाटलं आपण अजून काहीच केलेलं नाही. थेंब लांबला. दीपा बरणी उजेडात धरून त्यातल्या गाळाकडे बघत होती, पाइपकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं, इतकी ती निर्धास्त होती. त्या निर्धास्तपणाचा त्याला असह्य राग आला आणि त्या रागातच तो ओरडला.

"थांब छगन! बंद कर!"

"का वो सायेब? आत्ता कुटं फिराया लागलंय."

"बंद कर म्हणतो ना. दही लागलं नव्हतं."

साहेब वळले. "काल माझ्या दारात उभा राहून सांगितलंस की लागलं."

"त्यात लिंबू पडलं होतं. घरात... चुकून. मला आज कळलं. त्याच्या आधी दूध तसंच होतं." त्याने खिशातून बी काढून तळहातावर धरली. पुरावा म्हणून, जणू कुणी मागितला होता.

"दह्यात लिंबू?" छगन चाक उलटं फिरवत म्हणाला. "कोशिंबीर केल्ती का काय, सायेब?"

पंपावरची माणसं खो खो हसली. साहेब हसले नाहीत. "तळं भरलंय माझं, जालिंदर. उत्पादन थांबवायची पाळी येईल. हे तूच वर सांगायचं." ते तरातरा ऑफिसकडे गेले. त्यांच्यामागे हसणंही विरलं. कठड्यावर दोघंच उरले, आणि खाली हवा घुसळत असलेली टाकी.

दीपाने बरणी खाली ठेवली. "सर, एक सांगू? हसू नका. फेब्रुवारीत तुमचं पाणी नितळ झालं ना, त्या दिवशी माझा डबा तसाच परत गेला. घास उतरेना. माझी टाकी तेव्हा काळी पडलेली, दारातून लोक नाक दाबून जायचे आणि तुमच्याकडे ती झुंबड. असा जळफळाट झाला होता माझा! ती प्लेट मी पाणी तपासायला लावलीच नव्हती. काहीतरी खोट सापडावी म्हणून लावली." आणि ती हसली, अंगावरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखी. "सापडली, ते जाऊ द्या."

त्याला कळत होतं की आता त्याची पाळी आहे. माझंही तसंच, एवढंच म्हणायचं होतं. स्टोअरमधलं अर्धं वाक्य, पुलावरची शीळ, आत्ताचा थेंब, सगळं जिभेच्या मुळाशी येऊन थांबलं होतं. ती वाट बघत होती असंही नाही. तिचं बोलून झालं होतं, ती मोकळी झाली होती, टाकीच्या फेसाकडे बघत उभी होती. हेही तिला जमतं, त्याच्या मनात आलं. हेही, इतक्या सहज. आणि ओळखीची ती चव पुन्हा जिभेवर पसरली. आजवर इतकी तीव्र ती कधी लागली नव्हती.

"पेरॉक्साइड वाढवून बघू," तो म्हणाला. "वेळही जास्त देऊ. तुकडे आणखी मोडायला हवेत."

"बघू या ना," दीपा म्हणाली. "या वेळी प्लेट आणि दही, दोन्ही लावू."

त्याने मान हलवली. बी अजून तळहातावरच होती, घामाने चिकटलेली. खालून बुडबुडे वर येत होते, फुटत होते. सुई उतरेपर्यंत दूध मुकं राहतं, मग आपसूक बोलतं, असं आई म्हणाली होती. उतरायला किती दिवस लागतात हे तिने सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही तेव्हा विचारलं नव्हतं.